लिंगाला रक्त पुरतंय का? तपासण्यांचा क्रम आणि डॉपलरचा रिपोर्ट वाचण्याची रीत

हातात डॉपलरचा, म्हणजे लिंगातल्या रक्ताचा वेग सोनोग्राफीने मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट. त्यावर ‘पीएसव्ही २२’ असा धमनीतल्या रक्ताच्या वेगाचा आकडा आणि खाली शेरा, ‘धमनीतला रक्तपुरवठा अपुरा’. तो वाचून माणूस पार खचलेला. अशा वेळी पहिला प्रश्न विचारायचा तो हा: हा आकडा घेतला तेव्हा ताठरता कितपत आली होती? रिपोर्टमध्ये त्याबद्दल अक्षरही नसेल तर त्या २२ वरून काहीच ठरवता येत नाही. रक्तवाहिन्या चांगल्या असूनही, त्या खोलीत तो माणूस घाबरला होता म्हणून आकडा खाली आलेला असू शकतो.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांना ताठरतेचा त्रास सुरू झालाय, डॉक्टरांनी ‘रक्ताभिसरणाचं कारण असू शकतं’ असं म्हटलंय आणि आता कोणती तपासणी कधी करायची हे कळत नाहीये. तपासण्या बऱ्याच आहेत, पण त्यांना क्रम आहे. क्रम सोडला की पैसा जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे चुकीचा शिक्का बसतो.

आधी हे समजून घ्या

लिंगात स्पंजसारख्या उतीच्या दोन नळ्या शेजारी शेजारी असतात. प्रत्येक नळीच्या मधोमध एक बारीक धमनी जाते. उत्तेजना आली की मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. त्यामुळे आतले स्नायू सैलावतात, धमनी रुंदावते आणि स्पंजच्या पोकळ्या रक्ताने भरतात. या नळ्यांभोवती एक चिवट आवरण असतं. फुगलेला स्पंज त्या आवरणावर दाबला जातो आणि रक्त बाहेर नेणाऱ्या बारीक शिरा त्या दोन्हींच्या मध्ये चेपल्या जातात. रक्त आत अडकतं, ताठरता टिकते.

म्हणजे बिघाड दोन ठिकाणी होऊ शकतो. धमनीतून रक्त पुरेसं येत नाही, किंवा आलेलं रक्त आत थांबत नाही. दुसऱ्या प्रकाराला सगळेच ‘व्हीनस लीक’ म्हणतात. ‘लीक’ हा शब्द ऐकून काहींना वाटतं की वीर्यच गळतंय. तसं अजिबात नाही, इथे प्रश्न फक्त रक्ताचा आहे. काही जणांत दोन्ही बिघाड एकत्र असतात.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या शिरांना स्वतःचं झाकण नसतं. स्पंजमधले स्नायू सैलावून पोकळ्या पूर्ण भरल्या, तरच शिरा बंद होतात. भीती वाटली, लाज वाटली, की शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायनं वाढतात आणि तेच स्नायू आवळून धरतात. मग निरोगी माणसाच्या शिराही उघड्याच राहतात आणि तपासणीत ‘लीक’ दिसतं.

पायरी १: डॉक्टरांसमोर बसण्याआधी स्वतःशी बोला

मशीनच्या तपासण्या पुढे आहेतच, पण सर्वांत जास्त माहिती तुमच्याकडेच असते. काही प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून न्या. त्रास हळूहळू वाढत गेला की एका दिवसात सुरू झाला? पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का, आणि पूर्वीइतकीच कडक असते का? एकट्याने असताना येते आणि जोडीदारासोबत येत नाही, असं होतं का?

पहाटेची ताठरता उत्तम असेल, एकट्याने अडचण येत नसेल आणि त्रास अचानक सुरू झाला असेल, तर रक्तवाहिन्यांचा दोष असण्याची शक्यता कमी. उलट गेल्या काही वर्षांत सगळ्याच वेळी ताठरता मवाळ होत गेली असेल, यायला वेळ लागत असेल, तर धमन्यांकडे बोट जातं. चटकन कडक होतं, पण काही क्षणांत किंवा स्थिती बदलली की उतरतं, असं असेल तर रक्त थांबत नसल्याचा संशय येतो. संशयच. चिंतेनेही अगदी असंच होतं.

शीघ्रपतन ही वेगळी तक्रार आहे. स्खलन लवकर होऊन त्यानंतर ताठरता गेली तर तो ताठरतेचा आजार नव्हे. ही गल्लत फार होते, तेव्हा डॉक्टरांना नेमकं काय आधी घडतं ते सांगा.

आयआयईएफ-५ नावाची पाच प्रश्नांची प्रश्नावली बहुधा तुम्हाला भरायला देतील. तिचे गुण ५ ते २५ असतात. २२ आणि त्यापुढे म्हणजे त्रास नाही, १७ ते २१ सौम्य, १२ ते १६ सौम्य ते मध्यम, ८ ते ११ मध्यम, ७ किंवा कमी म्हणजे तीव्र. प्रश्नावली त्रास किती आहे ते सांगते, का आहे ते सांगत नाही. तिच्यासोबत कडकपणाची १ ते ४ अशी श्रेणी वापरतात: १ म्हणजे आकार वाढतो पण कडकपणा नाही, २ म्हणजे कडक पण संभोगाला पुरेसं नाही, ३ म्हणजे संभोगाला पुरेसं पण पूर्ण कडक नाही, ४ म्हणजे पूर्ण कडक. ही श्रेणी पाठ करून ठेवा, डॉपलरच्या वेळी ती पुन्हा लागणार आहे.

तंबाखू, सिगारेट, मधुमेह, रक्तदाब, ओटीपोटाला किंवा जांघेला झालेली इजा, प्रोस्टेटची शस्त्रक्रिया, रेडिएशन, सगळं सांगा. चालताना कुल्ल्यात किंवा मांडीत गोळे येऊन थांबावं लागतं का, हेही सांगा. पोटातल्या मोठ्या धमनीच्या खालच्या टोकाशी अडथळा असेल तर ही वेदना आणि ताठरतेचा त्रास जोडीने येतात. सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही औषधांनी ताठरतेवर परिणाम होतो, पण म्हणून मनाने एकही गोळी बंद करू नका.

पायरी २: साध्या तपासण्या, ज्या टाळायच्या नाहीत

रक्तदाब, कमरेचा घेर, जांघेतली आणि पायांतली नाडी. लिंग हाताने चाचपून आत कुठे टणक गाठ किंवा चकती लागते का ते पाहणं. रक्तात उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), कोलेस्टेरॉलचे सर्व घटक, आणि सकाळी घेतलेलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक. टेस्टोस्टेरॉन दिवस चढतो तसं उतरत जातं, म्हणून सकाळचंच रक्त हवं, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासूनच ते कमी आहे असं म्हणायचं. ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही बऱ्याच ठिकाणी धरली जाणारी सीमा. ते कमी आलं किंवा तशी लक्षणं असली तर प्रोलॅक्टिन हे दुसरं संप्रेरक आणि थायरॉइडही बघतात.

या साध्या यादीकडे लोक घाईने पाहतात, मला ती सगळ्यात मोलाची वाटते. लिंगातल्या धमन्यांचा व्यास साधारण १ ते २ मिलिमीटर. हृदयाच्या धमन्यांचा ३ ते ४. अस्तर खराब होण्याचा आजार संपूर्ण शरीरभर चालू असतो, पण बारीक वाहिनीत तो आधी जाणवतो. त्यामुळे रक्तवाहिन्यांमुळे आलेला ताठरतेचा त्रास छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधी दिसू शकतो. चाळिशीतल्या माणसाला हा त्रास सुरू झाला आणि त्याने कुठूनतरी गोळी आणून वेळ मारून नेली, तर हृदयाने दिलेली हाक त्याने ऐकलीच नाही असं होतं.

म्हणून याच टप्प्यावर हृदयाचाही विचार करा. २० मिनिटांत सपाटीवर सुमारे दीड किलोमीटर चालता येतं का? दोन मजले जिने दम न लागता, छातीत न दुखता चढता येतात का? संभोगाचे श्रम साधारण तेवढेच असतात. हे जमत नसेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जा, बाकी तपासण्या नंतर.

पायरी ३: गोळी देऊन पाहणं

सिल्डेनाफिल, टॅडालाफिल यांसारख्या गोळ्या हा उपचार आहे आणि एका अर्थी तपासणीही. बहुतेक रुग्णांत गोष्ट इथेच थांबते. गोळीने काम चाललं, साखर-रक्तदाबावर उपचार सुरू झाले, की पुढच्या महागड्या तपासण्यांनी उपचारात काही बदल होत नाही.

पण ‘गोळी लागू पडली नाही’ हे ठरवण्याआधी ती नीट घेतली होती का ते बघा. सिल्डेनाफिल भरल्या पोटी, तेलकट जेवणावर घेतली तर तिचा जोर कमी होतो. ती संबंधाच्या सुमारे तासभर आधी घ्यायची असते, आणि गोळी घेऊन नुसतं वाट बघत बसलं तर काही होत नाही, कारण उत्तेजना हवीच. एकदा घेऊन सोडून देऊ नका, डॉक्टरांनी सांगितलेल्या पूर्ण मात्रेत पाच-सहा वेळा तरी प्रयत्न व्हायला हवा. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी, स्प्रे किंवा जिभेखालची गोळी घेत असाल, तर या गोळ्यांना हातही लावायचा नाही. दोन्ही एकत्र झाल्या तर रक्तदाब जीवघेणा खाली येतो.

मग पुढच्या तपासण्या कुणाला लागतात? नीट घेऊनही गोळी लागू पडत नाही त्यांना, तरुण वयात सुरुवातीपासूनच त्रास असलेल्यांना, ओटीपोटाला किंवा जांघेला मार लागल्यानंतर त्रास सुरू झालेल्यांना, लिंग वाकडं होऊन शस्त्रक्रियेचा विचार चालू आहे त्यांना. आणि ज्याला कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही अशालाही. ते कारणही मी कमी मानत नाही.

पायरी ४: रात्रीची तपासणी

झोपेत, विशेषतः स्वप्नांच्या टप्प्यात, निरोगी पुरुषाला रात्रीत साधारण तीन ते पाच वेळा ताठरता येते. तिथे ना लाज असते ना अपेक्षा. लिंगाच्या मुळाशी आणि टोकाशी एकेक मऊ कडी बसवतात, छोटं यंत्र मांडीला बांधतात आणि ते रात्रभर जाडी आणि कडकपणा नोंदवतं. निदान दोन रात्री नोंद हवी. टोकाशी ६० टक्के किंवा अधिक कडकपणा १० मिनिटं टिकला, तर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आपलं काम करताहेत असं मानतात.

नवख्या जागी झोपच लागली नाही तर नोंद निरुपयोगी ठरते. घोरताना श्वास अडकण्याचा त्रास असेल तर तोही आधी सांगा, त्याने झोप तुटते.

पायरी ५: पेनाइल डॉपलर

रक्तवाहिन्यांसाठीची मुख्य तपासणी हीच. नुसत्या शिथिल अवस्थेतला डॉपलर पुरेसा नाही. इंजेक्शन देऊन ताठरता आणायची आणि ती येताना रक्ताचा वेग मोजायचा, अशी ही रीत. १९८२ साली फ्रान्समध्ये रोनाल्ड विराग यांनी पॅपाव्हरिन या रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या औषधाचं इंजेक्शन थेट लिंगात दिल्यावर ताठरता येते हे दाखवलं, आणि १९८५ मध्ये अमेरिकेत टॉम लू आणि सहकाऱ्यांनी त्याला सोनोग्राफीची जोड दिली.

जाण्याआधी तीन गोष्टी सांगून ठेवा. रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत का. सिकलसेल किंवा रक्ताचा दुसरा कुठला आजार आहे का. पूर्वी कधी ताठरता तासन्‌तास उतरलीच नाही असं झालं होतं का. यातलं काही असेल तर इंजेक्शन द्यायचं की नाही याचा वेगळा विचार करावा लागतो.

खोलीत काय होतं? तुम्ही उताणे झोपता, लिंग पोटाच्या बाजूला ठेवतात, थंड जेल लावतात आणि आधी शिथिल अवस्थेत एकदा पाहून घेतात. मग लिंगाच्या मुळाशी, एका बाजूला, इन्सुलिनच्या सुईसारख्या बारीक सुईने औषध देतात, बहुधा अल्प्रोस्टॅडिल १० ते २० मायक्रोग्रॅम, किंवा पॅपाव्हरिन, किंवा औषधांचं मिश्रण. एकाच बाजूला टोचलं तरी पुरतं, कारण दोन्ही नळ्या आतून एकमेकींशी जोडलेल्या असतात. टोचणं मुंगी चावल्यासारखं वाटतं. अल्प्रोस्टॅडिलने नंतर काहींना ठणका लागतो. पाच मिनिटांपासून पुढे दर पाच मिनिटांनी, वीस-पंचवीस मिनिटांपर्यंत, दोन्ही बाजूंच्या धमन्यांत वेग मोजतात.

पडद्यावर जे दिसतं ते सुंदर असतं, बघायला मिळालं तर जरूर बघा. सुरुवातीला हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एक उंच लाट येते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या काळातही रक्त पुढे वाहत असतं, म्हणजे आलेख आधाररेषेच्या वरच राहतो. आतला दाब वाढू लागला की मधला प्रवाह खाली खाली येतो, रेषेला टेकतो, आणि पूर्ण कडकपणाच्या जवळ तर काही क्षण रेषेखाली उतरतो. ती रेषेखाली उतरलेली छोटीशी लाट दिसली की शिरा बंद झाल्याचा पुरावा मिळाला.

आता आकडे. पीएसव्ही म्हणजे ठोक्याच्या वेळचा सर्वाधिक वेग. तो सेकंदाला २५ सेंटिमीटरपेक्षा कमी राहिला तर धमनीचा पुरवठा अपुरा, ३५ च्या वर असेल तर चांगला. मधला पट्टा संदिग्ध असतो. काही ठिकाणी ३० लाच चांगलं मानतात. ईडीव्ही म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या काळाच्या शेवटचा वेग. पीएसव्ही चांगला असूनही तो ५ च्या वरच राहिला तर रक्त थांबत नसल्याचा संशय. तिसरा आकडा आरआय: पीएसव्हीमधून ईडीव्ही वजा करायचा आणि पीएसव्हीने भागायचं. पीएसव्ही ४० आणि ईडीव्ही २ असेल तर आरआय ०.९५, उत्तम. पीएसव्ही ४० आणि ईडीव्ही १२ असेल तर ०.७०, म्हणजे शिरा बंद झालेल्या नाहीत. ०.८ च्या वर असावा असं साधारण धरतात.

यात दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे, रक्तच कमी येत असेल तर पोकळ्या भरत नाहीत आणि शिरा चेपल्या जात नाहीत. म्हणून पीएसव्ही कमी असताना व्हीनस लीकचं निदान करता येत नाही. रिपोर्टवर ‘पीएसव्ही २०, ईडीव्ही ७, व्हीनस लीक’ असं असेल तर शेवटचे दोन शब्द त्या आकड्यांतून निघत नाहीत. दुसरा सापळा उलट्या बाजूचा. पूर्ण कडकपणा आला की आतल्या दाबामुळे पीएसव्ही आपोआप उतरतो. त्यामुळे शेवटचा आकडा धरायचा नाही, संपूर्ण वेळातला सर्वांत चांगला धरायचा.

आणि मग तीच सुरुवातीची गोष्ट. अनोळखी खोली, सुई, दार उघडून आत डोकावणारं कुणीतरी. अशात इंजेक्शनचा पूर्ण परिणाम न होणं साहजिक आहे. म्हणून खोली बंद आणि शांत असावी, दिवे मंद असावेत, इंजेक्शननंतर रुग्णाला काही मिनिटं एकटं सोडावं, दृश्य उत्तेजना हवी असेल तर द्यावी, आणि घरच्याइतकी ताठरता आली नाही तर औषधाची दुसरी मात्रा देऊन पुन्हा मोजावं. तपासणीची वेळ ठरवतानाच या गोष्टी विचारा. ‘गरज पडली तर दुसरा डोस देता का?’ हा प्रश्न विचारायला संकोच नको. तुम्हाला त्या वेळी आलेली ताठरता घरच्या सर्वोत्तम ताठरतेच्या मानाने किती होती, ते स्वतःहून सांगा आणि कडकपणाची ती १ ते ४ श्रेणी रिपोर्टमध्ये लिहायला लावा.

कडक ताठरता येऊन ती अर्धा तास टिकली, तर व्हीनस लीक जवळपास बाजूला पडतं. मात्र धमन्या निर्दोष आहेत असं त्यावरून म्हणता येत नाही. औषधाच्या जोरावर अरुंद धमनीही तेवढं काम करू शकते.

तपासणी झाल्यावर ताठरता उतरेपर्यंत तिथेच थांबा. सुईची जागा काही मिनिटं दाबून धरा, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर जास्त वेळ. निघताना रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर घ्या. घरी गेल्यावर ताठरता चार तासांपेक्षा जास्त टिकली तर ती आणीबाणी आहे. दुखो वा न दुखो, लाजेपायी सकाळची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सीत जायचं. तिथे अडकलेलं रक्त काढून घेतात आणि स्नायू आवळणारं औषध देतात. उशीर झाला तर आतली उती कायमची खराब होते.

पायरी ६: मोजक्यांसाठीच्या तपासण्या

कॅव्हर्नोसोमेट्रीत सुया घालून सलाइन आत सोडतात आणि आतला दाब टिकवायला किती सलाइन लागतं ते मोजतात. रक्त थांबतं की नाही याचं नेमकं उत्तर त्यातून मिळतं, पण तपासणी त्रासदायक आहे आणि आता क्वचितच होते. अँजिओग्राफीत धमनीत रंगद्रव्य सोडून अडथळ्याची जागा दाखवतात. जांघेला किंवा ओटीपोटाला मार लागून एखाद्या ठिकाणी धमनी बंद पडलेला तरुण, ज्याच्यावर धमनी जोडण्याची शस्त्रक्रिया शक्य आहे, त्याच्यासाठी ती आहे. मधुमेहाने सगळीकडच्याच वाहिन्या अरुंद झालेल्या माणसाला त्यातून काही मिळत नाही.

रिपोर्ट आल्यावर

कोणतं औषध, किती मात्रा, दुसरा डोस दिला का, कडकपणा किती आला, दोन्ही बाजूंचे वेगळे आकडे आणि ते कितव्या मिनिटाला घेतले, एवढं रिपोर्टमध्ये असायलाच हवं. नसेल तर मागून घ्या. ‘व्हीनस लीक’ असा शेरा आला, वय कमी आहे आणि पहाटेची ताठरता चांगली आहे, तर त्या शेऱ्यावर विश्वास ठेवण्याआधी डॉपलर शांत जागी पुन्हा करून घ्या, किंवा रात्रीची तपासणी करा. शिरा बांधून टाकायची शस्त्रक्रिया कुणी सुचवली तर दुसऱ्या मूत्रविकारतज्ज्ञांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. तिचा फायदा टिकत नाही असा अनुभव असल्याने ती आता सहसा सुचवत नाहीत.

आणि नीट झालेल्या तपासणीत धमन्यांचा पुरवठा खरोखरच कमी निघाला, तर त्या रिपोर्टची एक प्रत तुमच्या रक्तदाबाची, साखरेची औषधं देणाऱ्या डॉक्टरांनाही दाखवा. त्यांना सहसा हा रिपोर्ट कुणी दाखवत नाही. हृदयाची पुढची तपासणी कोणती आणि कधी करायची, ते त्यांना त्यावरून ठरवता येतं.